एकटीचा खेळ

इटली देशाच्या पूर्व अंगाला, समुद्रापासून थोडे आत, येझी नावाचे एक गाव आहे. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे आमच्या कणकवलीहून मोठे, पण कोल्हापूरच्या एका कोपऱ्यात सहज मावेल एवढे. या गावाने जगाला तीन बायका दिल्या. जोव्हाना त्रिलिनी हिने १९९२ साली बार्सिलोनाला, व्हॅलेंतिना वेझाली हिने २०००, २००४ आणि २००८ अशा तीन ऑलिंपिकांत ओळीने, आणि एलिसा दी फ्रान्चिस्का हिने २०१२ साली लंडनला तलवारबाजीचे सुवर्णपदक मिळवले. तलवारबाजीच्या ज्या प्रकाराला फॉइल म्हणतात, त्यातली ही पदके. वैयक्तिक सुवर्णपदके पाच, बायका तीन आणि गाव एक. २००४ साली अथेन्सला तर अंतिम सामन्यात वेझालीसमोर त्रिलिनीच उभी होती. एकाच गावच्या दोघी जगाच्या टोकाला जाऊन एकमेकींवर तलवार रोखून उभ्या राहिल्या. एकीला सोने मिळाले, दुसरीला चांदी.

तलवार म्हणून आम्ही कोकणातल्या माणसांनी पाहिली ती दशावतारात. देव आणि राक्षस पेटीमृदंगाच्या तालावर फेर धरतात, पुठ्ठ्याच्या नाही तर पत्र्याच्या तलवारी एकमेकींवर आपटतात आणि पहाटेपर्यंत राक्षस मरतो. तिथे स्त्रीपार्टसुद्धा पुरुषच करतात. तेव्हा इटलीतल्या तलवारबाज बायकांविषयी मी लिहावे हे वाचकांना थोडे आगाऊपणाचे वाटेल. पण माझा प्रश्न तलवारीचा नाही, एका शब्दाचा आहे. मी भाषा शिकवणारी बाई. शब्द खटकला की पुढे सरकवत नाही. तो शब्द म्हणजे ‘वैयक्तिक’.

येझी गावात ही विद्या आली कशी, हे ऐकण्यासारखे आहे. एझियो त्रिकोली नावाचा एक गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात पकडला गेला आणि युद्धकैदी म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या छावणीत पडला. तिथे तो तलवारबाजी शिकला. सुटून गावी आला आणि १९४७ साली त्याने तिथल्या पोरांना शिकवायला सुरुवात केली. त्रिलिनीचे पदक त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी आले. मधली पंचेचाळीस वर्षे त्या तालमीत कितीजणी आल्या असतील, कितीजणींनी घाम गाळला असेल, कितीजणी लग्न होऊन निघून गेल्या असतील! त्यांच्या अंगावर सराव करूनच तर पुढच्या तयार झाल्या. आणि पदकाच्या पाटीवर शब्द मात्र: वैयक्तिक.

मला हे खटकते त्याला कारण माझ्या वर्गातली एक मुलगी आहे. नाव सांगत नाही. गाव लहान आहे. आमचे नांदगाव म्हणजे मुंबई-गोवा रस्त्यावरचा तिठा. देवगडला जाणारा इथे वळतो, बाकीचे सरळ जातात. शाळेचे मैदान जांभ्या कातळाचे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ आणि उन्हाळ्यात तापलेला तवा, मध्ये दिवाळीच्या सुमारास दोन महिने काय ते धावता येते. या मैदानावर ही मुलगी दीड हजार मीटर धावायला शिकली. तालुक्याला पहिली आली. जिल्ह्याला, ओरोसच्या मैदानावर, चौथी आली. जिल्ह्याच्या पुढे घाटावर विभागाला जायचे, तिथून राज्याला. चौथीला त्या गाडीत जागा नसते.

घरी गेल्यावर तिच्या आजीने विचारले, “पयलो नाय, दुसरो नाय, तिसरोय नाय. मगे इतक्या धावान तुझ्या हातात काय इला?”

आजी दुष्ट नाही. तिने जन्मभर डोक्यावरून पाणी वाहिले, आणि वाहिलेल्या पाण्याचा हंडा तरी घरात दिसतो. धावण्याचे काय दिसते? हा प्रश्न मी आजीवर हसून उडवू शकत नाही. मुलीने तो दुसऱ्या दिवशी शाळेत जसाच्या तसा माझ्यापुढे ठेवला, आणि तेव्हापासून तो माझ्याकडे आहे.

चौथ्या नंबराची गोष्ट निघाली म्हणून बर्लिनची एक शर्यत सांगते. साल १९३६, ऐंशी मीटर अडथळ्यांची शर्यत. इटलीच्या दोघी अंतिम फेरीत होत्या. ओंदिना वाल्ला आणि क्लाउदिया तेस्तोनी. दोघी बोलोन्या शहरच्या, शाळेपासून एकमेकींशी धावणाऱ्या. वाल्लाचे खरे नाव त्रेबिसोंदा, बापाने एका बंदराच्या नावावरून ठेवलेले. लोकांनी त्याचे ओंदिना केले. ही मुलगी १९३२ सालीच तयार होती, पण त्या वर्षी इटलीने लॉस एंजेलिसला एकही मुलगी पाठवली नाही. चार वर्षे थांबून ती बर्लिनला गेली. शर्यत संपली तेव्हा चौघी जणू एकाच वेळी रेषेवर होत्या. घड्याळांनी चौघींना एकच वेळ दिली. मग छायाचित्र काढून बघावे लागले, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागांनी ठरले की वाल्ला पहिली आणि तेस्तोनी चौथी. वाल्ला ही इटलीची ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारी पहिली स्त्री. तिचे नाव तिथल्या शाळेतली पोरे पाठ करतात. तेस्तोनी पुढे १९३८ साली युरोपची विजेती झाली, १९३९ साली तिने जागतिक विक्रमही केला. पण १९४० चे ऑलिंपिक युद्धाने गिळले आणि तिची पाळी आलीच नाही.

एका शाळेच्या वयापासून एकमेकींना ओढत पुढे नेलेल्या या दोघी. तेस्तोनी पाठीवर नसती तर वाल्ला इतकी जोरात धावली असती का? मला वाटते, नाही. मैदानावर उभे राहून पाहिलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. आमच्या शाळेत एकटी धावणारी मुलगी कधीच चांगली वेळ देत नाही. मागे पावले वाजली पाहिजेत.

आता घरची गोष्ट. ऑलिंपिकमध्ये एकाही मराठी मुलीला २०२४ च्या पॅरिसपर्यंत वैयक्तिक पदक मिळालेले नाही. हे वाक्य लिहायला सोपे आहे आणि वर्तमानपत्रात ते दर चार वर्षांनी येते. पण या वाक्याच्या पोटात कोण कोण आहे ते पाहू या.

२००० साली सिडनीला अंजली भागवत एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचली आणि आठवी आली. मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एन.सी.सी.त असताना तिने पहिल्यांदा रायफल हातात धरली. त्याआधी भारताची एकही स्त्री नेमबाज ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेली नव्हती. २००४ साली अथेन्सला त्याच प्रकारात पनवेलची सुमा शिरूर अंतिम फेरीत पोचली. तीही आठवी.

सुमाच्या आठव्या नंबराविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. त्या काळी या प्रकारात बायकांना चाळीस गोळ्या असत. दहा मीटरवर लक्ष्य, आणि त्याच्या मध्यभागी दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. हृदयाचा ठोका पडला तरी नळी हलते, म्हणून दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत चाप ओढायचा. २००४ सालीच, अथेन्सच्या काही महिने आधी, क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमाने चाळीसपैकी चाळीस गोळ्या त्या ठिपक्यात बसवल्या होत्या. चारशेपैकी चारशे, त्याच्या पुढे माणसाला जाताच येत नाही, कारण पुढे आकडाच नाही. तीच बाई, तेच वर्ष, तीच रायफल. क्वालालंपूरला पूर्ण आणि अथेन्सला आठवी. आपण मात्र तिला कुठल्या नावाने ओळखतो, किंवा ओळखतो तरी का, हे अथेन्सने ठरवले.

मोही गावच्या ललिता बाबरची गोष्ट अशीच. माण तालुका सातारा जिल्ह्याचा दुष्काळी भाग, घर शेतकऱ्याचे. २०१६ साली रिओला ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. त्यात अडथळे असतात आणि एका अडथळ्यापलीकडे पाण्याचा खड्डा असतो. जिच्या गावात पाण्यासाठी टँकरची वाट बघतात, तिने पाण्यावरून उड्या मारायच्या, हा योग माझ्यातल्या कादंबरीलेखिकेला नेहमी खुणावतो. प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत दहावी आली. धावपट्टीवरच्या शर्यतीत भारताची मुलगी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दिसली ती १९८४ च्या पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी. उषाचे तरी काय, सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथी! त्या दिवशी, ललिता धावली तेव्हा, पंधरा ऑगस्ट होता.

एवढे झाल्यावर कुणीतरी गीता काढतो. आपल्याकडे अशा वेळी ती हाताशी असतेच. फळाची आशा धरू नकोस, कर्म करीत राहा. मी गीतेला नावे ठेवीत नाही; रोज संध्याकाळी घरात एक अध्याय होतो. पण हे वचन कोण कुणाला ऐकवतो ते पाहावे. धावून चौथी आलेली मुलगी कधी कुणाला ऐकवीत नाही. ऐकवतो तो खुर्चीवर बसलेला पाहुणा, पहिल्या तिघींना ढाली वाटून झाल्यावर, चहा येईपर्यंतच्या वेळात. फळाची आशा मी माझ्यापुरती सोडू शकते. दुसरीच्या फळाची आशा मी सोडली तर तो माझा त्याग होत नाही.

दुसरे लोक याच्या उलट टोकाला जातात. नंबरच देऊ नका म्हणतात, सगळ्यांना एकसारखे प्रमाणपत्र द्या. आमच्याकडे तसे कागद येतात, सोनेरी किनारीचे. मुले त्यांच्या होड्या करतात आणि मुलांचे बरोबर आहे. चौथी ती चौथीच. अंजली आणि सुमा भाग घेण्यासाठी गेल्या नव्हत्या, पहिल्या येण्यासाठी गेल्या होत्या. त्यांच्या आठव्या नंबराला साखर लावून गोड करणे हा त्यांचा अपमान आहे. नंबर खोटा नाही. खोट आहे ती हिशेबात.

आता दिवाळीत दुकानदार वह्यांची पूजा करतील, म्हणून हिशेबाच्याच भाषेत बोलते. एखादी मुलगी जिंकली की आपण लिहितो, देश जिंकला, महाराष्ट्र जिंकला, तालुका जिंकला. शाळेच्या फाटकावर फलक लागतो आणि ज्याने तिला कधी ग्लासभर पाणी दिले नाही त्याचेही छायाचित्र त्यावर असते. म्हणजे जमा सगळ्यांच्या नावावर. हरली की मात्र, ती हरली. तिचे दडपण, तिचा सराव कमी, तिचे नशीब. खर्च एकटीच्या नावावर. बुटांचे पैसे, गाडीभाडे, शाळा बुडाली त्याचे नुकसान, लोकांचे बोलणे, सारे तिच्या घरच्या पानावर. असली वही कुठल्या सावकाराने ठेवली असती तर आपण त्याला काय म्हटले असते? आणि ‘वैयक्तिक’ हा शब्द आपण नेमका या खर्चाच्या बाजूला वापरतो, असे माझे मत होत चालले आहे.

त्यात आणखी एक गंमत अशी की, कोण विजेती व्हायचे हे ठरवणारी यादीही तिने केलेली नसते. १९२८ साली अॅमस्टरडॅमला बायका आठशे मीटर धावल्या, त्या दमलेल्या दिसल्या म्हणून ओरड झाली आणि ती शर्यत बंद करण्यात आली. पुन्हा सुरू झाली ती १९६० साली रोमला. मधल्या बत्तीस वर्षांत जगात आठशे मीटर उत्तम धावणाऱ्या मुली जन्मल्याच नसतील काय? ललिताची स्टीपलचेस बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये आली २००८ साली. ती दहा-बारा वर्षे आधी जन्मली असती तर तिच्या पायांचा उपयोग टँकरमागे धावण्यापलीकडे कुणाला कळला नसता. आणि कोल्हापूरची तेजस्विनी सावंत! २०१० साली म्युनिकला ती पन्नास मीटर रायफलमध्ये, पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली. जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय स्त्री नेमबाज. पण बायकांचा हा प्रकार ऑलिंपिकच्या यादीतच नाही. ज्यात ती जगात पहिली, ते ऑलिंपिकमध्ये विचारतच नाहीत. ती शेवटी टोकियोला गेली, वयाच्या चाळिशीत, तीन अवस्थांच्या दुसऱ्या प्रकारात, आणि अंतिम फेरीत येऊ शकली नाही. ही तिची हार खरी, पण त्या हारीत यादी करणाऱ्यांचाही वाटा आहे.

महाभारतात हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. अर्जुन सर्वश्रेष्ठ धनुर्धर. पण त्या श्रेष्ठपणाला एका निषादाच्या पोराचा अंगठा लागला. वर्गात हा धडा शिकवताना मुले अर्जुनावर रागावतात, द्रोणावर रागावतात. मी त्यांना विचारते, हस्तिनापुरातल्या प्रजेने अर्जुनाचा जयजयकार केला त्यात कुणी अंगठ्याची चौकशी केली का? मुले गप्प होतात. मोठ्यांच्या सभेत विचारले तर मोठेही गप्प होतील, असा माझा अंदाज आहे.

आपल्या खाशाबा जाधवांची गोष्ट मी या बाबतीत आदर्श मानते, आणि ती पदकासाठी नव्हे. गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला, गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली, हे आपण सगळे सांगतो. पण त्याआधी चार वर्षे, १९४८ साली लंडनला, खाशाबा सहावा आला होता. सहावा! आमच्या आजीच्या भाषेत, हातात काय इला? आणि हातात काही नसताना कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले आणि त्याला हेलसिंकीला पाठवले. पदक आल्यावर मिरवणुकीत शंभर गाड्या जुंपणे सोपे आहे. सहाव्या नंबरावर घर गहाण टाकणे म्हणजे खर्चाच्या पानावर आपले नाव स्वतःच्या हाताने लिहिणे. एका मुलीसाठी असे घर कुणी गहाण टाकल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

त्याच १९५२ च्या हेलसिंकीत इटलीची इरेने कांबेर तलवारबाजीत पहिली आली, आणि आपल्या वांद्र्याची मेरी डिसोझा शंभर आणि दोनशे मीटर धावून पहिल्याच फेरीत बाहेर पडली. स्वतंत्र भारताकडून ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या चार मुलींतली ती एक. येझीच्या तालमीला तेव्हा पाच वर्षे झाली होती. म्हणजे सुरुवात आपण काही फार उशिरा केली नव्हती. त्यांनी तालीम चालू ठेवली. आपण एकेक मुलगी पाठवली आणि ती परत आल्यावर दार लावून घेतले.

अगदीच लावले असेही नाही म्हणा. दार आतून उघडले, आणि ते त्या आठव्या आलेल्यांनीच उघडले. सुमा शिरूर पुढे शिकवू लागली. जयपूरची अवनी लेखरा तिच्या हाताखाली तयार झाली आणि टोकियो व पॅरिस अशा दोन्ही पॅरालिंपिकांत सुवर्णपदक घेऊन आली. दीपाली देशपांडे अथेन्सला पन्नास मीटर रायफलमध्ये खेळली होती, पदकाशिवाय परतली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला त्याच रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारात कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळाले म्हणून आपण पेढे वाटले. त्या मुलाला घडवणारी बाई म्हणजे ही दीपाली. आता ते पदक वैयक्तिक कुणाचे? वीस वर्षांपूर्वी अथेन्सहून रिकाम्या हाताने परत आलेल्या बाईच्या वहीत ते कुठल्या बाजूला लिहायचे?

हे सगळे मी त्या मुलीच्या बापाला, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत, सांगितले. तो आंब्याच्या बागा राखणीला घेतो. हिशेब त्याला माझ्यापेक्षा बरा कळतो. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, “बाईनू, तुमी सांगतास ता खरा. पण फुडल्या वर्सा धावी. चेडू पडला-झडला, नापास झाला, तर निस्तरूचा कोणी? आमीच मा?”

मी म्हटले, बुटांचे आणि ओरोसच्या गाडीभाड्याचे मी बघते. गणिताचे बाईंना सांगून ठेवते, संध्याकाळी तासभर शिकवतील. पडली तर कणकवलीला डॉक्टरांकडे मी घेऊन जाईन. चौथी आली काय, चाळिसावी आली काय, हा खर्च माझ्या पानावर. जिंकली तर फलकावर माझे नाव नको.

तो बराच वेळ अंगणातल्या माडाकडे बघत राहिला. आजी आतून चकलीच्या भाजणीचे पीठ चाळताना ऐकत होती, कारण चाळणीचा आवाज थांबला होता.

“दिवाळी होऊ दे,” तो म्हणाला. “मगे बघू.”

मुलगी दारामागे होती. तिने विचारले नाही, मी सांगितले नाही. पण भाऊबीज झाली की मैदान सुकलेले असते, आणि ते तिला माझ्याइतकेच ठाऊक आहे.